पर्वरीत पुनर्विकास वसाहतीचा व्हावा, सुट्या इमारतींचा नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडच्या तीरावरील पर्वरीत, आल्त पर्वरी आणि आल्त बेती भागातील जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासाची बोलणी सध्या ज्या पद्धतीने चालली आहेत, तिच्याविषयी काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे आणि संबंधित खात्यांपुढे ठेवाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी अशाच एका वसाहतीत राहतो आणि आमच्या सोसायटीकडेही एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव आलेला आहे. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण गोव्यात अशा विषयावर कोणी शंका काढली की त्याला विकासविरोधी ठरवून मोकळे होण्याची रीत पडली आहे.

विरोध असण्याचे कारणही नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच इमारतींनी चाळीसहून अधिक पावसाळे काढले आहेत. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नदी आणि समुद्र जवळ असल्याने हवा खारी, आणि त्या काळच्या बांधकामात सळीवर काँक्रिटचे आवरण जेमतेम ठेवलेले. त्यामुळे जिन्याच्या खालच्या अंगाला बोट लावले तरी गिलाव्याचे पापुद्रे हातात येतात आणि आतून तांबूस, फुगलेली सळी डोकावते. गच्च्यांवर घातलेले पत्रे गळती थोपवतात, गंज थोपवत नाहीत. लिफ्ट नाही. ज्यांनी ऐन उमेदीत तिसऱ्या मजल्यावरची घरे घेतली, त्यांपैकी कित्येक जण आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत आणि डॉक्टरकडे जाण्याखेरीज खाली उतरत नाहीत. अशा इमारती पाडून नव्या बांधाव्या लागणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो कशा बांधाव्यात, किती बांधाव्यात आणि त्याचा निर्णय कोणी, कोणता नकाशा समोर ठेवून करावा, हा.

त्यासाठी पर्वरी वाढली कशी, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. आज महामार्गावरून जाणाऱ्याला पर्वरी हे एक सलग शहर वाटते, परंतु पर्वरी नावाची पंचायत नाही आणि नगरपालिकाही नाही. पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींत हा सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, मुख्यतः विभागला आहे आणि त्याच्या कडा पिळर्ण व रेईश मागूशपर्यंत पोचतात. जुनी वस्ती होती ती सड्याच्या उतारांवर आणि पायथ्याशी: तोर्डा, ब्रिटोना, बेती, वेरें या बाजूंना, जिथे झरी होत्या, व्हाळ (ओढे) होते, भातशेती आणि खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते होती. वरचा सडा म्हणजे जांभ्याचे उघडे कातळ, चार महिन्यांचे गवत, काजूची झाडे आणि चरायला सोडलेली गुरे. यातील बरीच जमीन सेरूला कोमुनिदादची, म्हणजे गावकीची. वर राहण्यात सोय नव्हती, पण सड्याचा उपयोग नव्हता असे मात्र नाही. सड्यावर मुरलेल्या पावसावर खालची शेते आणि विहिरी चालत होत्या.

या सड्यावरून जाणारा रस्ता मात्र जुना. म्हापशाहून बेतीच्या धक्क्यापर्यंत यायचे आणि फेरीबोटीने पणजीत उतरायचे, हा बार्देश तालुक्याचा राजधानीकडे जाण्याचा मार्ग होता. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्याची तुकडी याच बाजूने बेतीला येऊन थांबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी ओलांडून पणजीत गेली. मुक्तीनंतर १९७० च्या आसपास मांडवीवर पूल झाला आणि पर्वरीचे दैव पालटले. फेरीच्या वेळा सांभाळण्याची गरज उरली नाही. पणजीत नोकरी करणाऱ्याला पुलापलीकडे, स्वस्तात, वाऱ्यावर घर मिळू लागले. १९६८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले, आणि मंडळाने पर्वरीच्या सड्यावर अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी घरे आणि भूखंड दिले. पाठोपाठ सहकारी सोसायट्या, पत्रकार कॉलनी, डिफेन्स कॉलनी, पीडीए कॉलनी अशा वसाहती उभ्या राहिल्या.

या पहिल्या वसाहतींविषयी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. घरे साधी होती, खोल्या लहान होत्या, पण आखणी करणाऱ्याने वसाहत म्हणून विचार केला होता. दोन इमारतींमध्ये हवा खेळेल इतके अंतर, मधोमध मोकळी जागा, पावसाचे पाणी सड्याच्या नैसर्गिक उताराने वाहून जाईल अशी गटारे आणि चालत जाण्याच्या अंतरावर शाळा, दुकाने. सरकारी नोकर, शिक्षक, बँकेतले कारकून, छापखान्यातले कामगार असे मध्यमवर्गीय कुटुंबकबिले इथे स्थिरावले. गोमंतक मराठी अकादमी आणि १९७९ साली स्थापन झालेले झेवियर इतिहास संशोधन केंद्र यांसारख्या संस्थाही इथेच आल्या, त्या पर्वरीत जागा होती आणि निवांतपणा होता म्हणून.

१९८६ हे वर्ष आमच्या पिढीला दोन कारणांसाठी आठवते. एप्रिलमध्ये चार्ल्स शोभराजला मुंबई पोलिसांनी पर्वरीतल्याच एका रेस्टॉरंटात पकडले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या गावाचे नाव झळकले. तीन महिन्यांनी, ५ जुलैला, मांडवीचा पूल कोसळला. पहिल्या बातमीची मजा वाटली होती. दुसरीने पर्वरीचे कंबरडे मोडले. दुसरा पूल १९९२ मध्ये खुला होईपर्यंत आम्ही पुन्हा बेतीच्या धक्क्यावरचे प्रवासी झालो. पणजीच्या सोयीवर उभी राहिलेली वस्ती पणजीशी असलेला एक दुवा तुटताच किती हतबल होते, हे त्या वर्षांत दिसले. त्यावरून नियोजनकारांनी काही बोध घेतला असेल, तर तो निदान कागदावर तरी आढळत नाही.

पुढच्या टप्प्यांचे निर्णयही बाहेरच झाले. २००० साली विधानसभा पणजीतल्या आदिलशाही राजवाड्यातून पर्वरीच्या टोकावरील नव्या संकुलात आली आणि सचिवालयही आले. २०१९ च्या जानेवारीत मांडवीवरचा अटल सेतू खुला झाला. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची नवी वास्तू इथेच उभी राहिली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मॉल, मोटारींच्या शोरूम आणि हॉटेले आली. आता याच रस्त्यावर सुमारे पाच किलोमीटरच्या सहापदरी उन्नत मार्गाचे काम काढले गेले, त्यासाठी २०२५ च्या मार्चमध्ये खाप्रेश्वराचा वड भाविकांचा विरोध असताना मुळासकट हलवण्यात आला. यातला प्रत्येक प्रकल्प आपापल्या जागी आवश्यक असेलही. परंतु राजधानीची गर्दी कमी करणे, महामार्गावरची वाहने वेगाने पुढे काढणे, सरकारी कार्यालयांना जागा देणे हीच त्या सर्वांमागची कारणे होती. पर्वरीत राहणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडून दूध आणायला कसे जाता येईल, हा विचार त्यांपैकी एकाच्याही केंद्रस्थानी नव्हता. पुनर्विकास ही पर्वरीचा विचार पर्वरीसाठी करण्याची पहिली संधी आहे, आणि तीही सुट्या भूखंडांच्या सौद्यांत विरून जाईल, अशी मला भीती वाटते.

ही भीती कशावरून, ते आमच्या सोसायटीपुढे आलेल्या प्रस्तावावरून सांगतो. तो मांडणाऱ्या व्यावसायिकाचे नाव देण्याची गरज नाही, कारण असेच प्रस्ताव इतरांकडूनही येत आहेत. रंगीत पुस्तिका उत्तम आहे. प्रत्येक सभासदाला आहे त्यापेक्षा मोठे घर, लिफ्ट, बांधकामाच्या काळातले भाडे आणि त्याबदल्यात व्यावसायिकाला विकण्यासाठी वरचे मजले. खाली दोन मजली वाहनतळ, त्यातला एक मजला जमिनीखाली. पुस्तिकेतल्या हिरवळीच्या चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की ही हिरवळ वाहनतळाच्या छतावर असेल. आमच्या आवारात दोन इमारतींच्या मध्ये जांभ्यात खणलेली एक विहीर आहे. तिचा रहाट केव्हाच गेला, आता वर लोखंडी जाळी आणि कडेला पंप आहे. कठड्याच्या चिऱ्यांवर दोराने पडलेले खोल वळ अजून दिसतात. मे महिन्याच्या अखेरीस सुद्धा तिला पाणी असते. तिळारीचा कालवा फुटून नळ कोरडे पडतात तेव्हा आमचीच नव्हे, शेजारच्या तीन इमारतींचीही मदार तिच्यावर असते. नव्या नकाशात ही विहीर मी शोधत होतो. जिथे ती असायला हवी, तिथे तळघरात मोटारी उतरण्याचा उतार दाखवला आहे. सभेत विचारल्यावर उत्तर मिळाले की विहीर बुजवावी लागेल, बदल्यात दोन बोअरवेल देऊ.

वरवर हा व्यवहार वाजवी वाटतो. पण पर्वरीच्या जमिनीची घडण ज्याला ठाऊक आहे, त्याला तो पटणार नाही. वर जांभ्याचा सच्छिद्र थर आहे आणि त्याखाली शेडीचा, म्हणजे पांढुरक्या चिकणमातीचा, जिच्यातून पाणी सहजी खाली झिरपत नाही. पावसाचे पाणी जांभ्यातून उतरते, शेडीवर येऊन अडते, तिच्या उताराने सावकाश सरकते आणि सड्याच्या कडेला झरीच्या रूपाने बाहेर पडते. आमच्या विहिरींचे पाणी तेच आणि तोर्डा-ब्रिटोनाच्या बाजूच्या व्हाळांचेही तेच. तळघरासाठी जांभ्याचा थर कापून शेडीपर्यंत खणले की ही वाट तुटते. पाणी तळघरात शिरते, तिथून ते वर्षभर पंपाने उपसून गटारात सोडावे लागते आणि विहीर मात्र आटते. अशा तळघरांतून पंपाच्या नळीने स्वच्छ पाणी रस्त्यावर वाहते आणि त्याच रस्त्यावर टँकर उभा असतो, हे दृश्य पर्वरीत अपूर्व राहिलेले नाही.

थोडे गणितही करून पाहण्यासारखे आहे. एका एकरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख लिटर पाणी पडते. मोकळी माती आणि कातळ असताना त्यातला काही भाग मुरतो, उरलेला सावकाश वाहतो. तोच एकर काँक्रिट आणि फरशीने झाकला की जवळजवळ सगळे पाणी पाऊस पडता पडता गटारात येते. एकट्या भूखंडापुरते पाहिले तर फार बिघडत नाही; परंतु वसाहतीतले सगळे भूखंड एकामागोमाग एक याच रीतीने झाकले गेले, तर उतारावरच्या घरांत आणि खालच्या शेतांत जुलैमध्ये लोंढे शिरतील आणि मार्चमध्ये झरी आटतील. सांडपाण्याचेही तसेच. आजही बऱ्याच सोसायट्या सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यांवर चालतात. घरांची संख्या दुप्पट झाली की सच्छिद्र जांभ्यात मुरणारे सांडपाणीही दुप्पट होते, आणि ते शेवटी कोणाच्या विहिरीत जाते, हे वेगळे सांगायला नको.

मुद्दा असा की या गोष्टी कोणत्याही एका भूखंडाच्या फायलीत दिसत नाहीत. नगरनियोजन खाते भूखंडाचा एफएआर (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येईल, ते प्रमाण) आणि मोकळ्या सोडायच्या कडा मोजते, आरोग्य केंद्र आपला ना हरकत दाखला देते, पंचायत परवाना देते. प्रत्येक जण आपापल्या कागदापुरता बरोबर असतो आणि सगळ्यांचे मिळून होणारे ओझे मोजण्याचे काम कोणाचेच नसते. त्यातच भर म्हणजे वसाहतीचा निम्मा भाग एका पंचायतीत आणि निम्मा दुसरीत. गोव्याच्या नियोजनाला भूखंडागणिक निर्णय घेण्याची ही सवय जुनीच आहे. नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ साली घातलेल्या कलम १७(२) खाली सुट्या भूखंडांचे जमीनवापर बदलले जात होते. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. जमीनवापर बदलाचीच वाट देणाऱ्या, २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ विरुद्धही याचिका झाल्या. जमीनवापराच्या बाबतीत जे न्यायालयाला खटकले, तेच पुनर्विकासाच्या नावाने एफएआरच्या बाबतीत होऊ नये.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अनेक सभासद म्हणतात की पूर्ण वसाहतीचा आराखडा वगैरे गोष्टींना दहा वर्षे लागतील, तोवर आमच्या डोक्यावर स्लॅब पडेल. त्यांची काळजी रास्त आहे, आणि सरकारी आराखड्यांची गती पाहता ती अतिशयोक्तीही म्हणता येणार नाही. म्हणूनच संपूर्ण बार्देशचा किंवा संपूर्ण पर्वरीचा आराखडा होईपर्यंत थांबा, असे मी म्हणत नाही. एक वसाहत, म्हणजे मूळ आखणीतला एक मंजूर नकाशा, एवढेच एकक धरावे. जी इमारत खरोखर धोकादायक आहे, तिची संरचनात्मक तपासणी करून ती आधी रिकामी करावी आणि तिथल्या कुटुंबांची सोय करावी. मात्र 'धोकादायक' हा शिक्का वाढीव एफएआर मिळवण्याचे साधन होऊ देऊ नये. जी इमारत दुरुस्तीने आणखी पंधरा-वीस वर्षे टिकू शकते, तिची दुरुस्ती व्हावी आणि लिफ्ट बाहेरून जोडून मिळावी. नवी इमारत पाहिजेच असे नाही, लिफ्ट पाहिजे, असे म्हणणारी वयस्क मंडळी आमच्या सोसायटीत कमी नाहीत. पण लिफ्ट जोडून देण्यात कोणालाच नफा नसल्याने तो पर्याय सभेपुढे येतच नाही.

आणखी एक बाब बोलायला अवघड, पण टाळता येत नाही. आमच्या वसाहतींतील पुष्कळ घरे आता राज्याबाहेरच्या मालकांनी सुट्टीपुरती घेतलेली आहेत, काही भाड्याने दिलेली आहेत. सभेत मते मोजली जातात ती मालकांची. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या मालकाला वाढीव क्षेत्रफळाचा भाव दिसतो, आणि ते साहजिक आहे. आटलेल्या विहिरीचा आणि तुंबलेल्या गटाराचा त्रास बारमाही राहणाऱ्याला होतो. भाडेकरूला तर मतही नाही. शिवाय कित्येक इमारतींखालची जमीन अजून मूळ विकासकाच्याच नावावर आहे. जमिनीच्या हक्काची नोंद असलेल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सोसायटीचे नाव लागलेले नाही. कोमुनिदादच्या जमिनींवरील अतिक्रमणांची प्रकरणे या भागात वर्षानुवर्षे गाजत आलेली असताना, मालकीचे कागद स्वच्छ होण्याआधी पुनर्विकासाचे करार करणे म्हणजे भांडण विकत घेणे आहे. सभासदांनी सह्या करण्यापूर्वी निदान हा उतारा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. गृहनिर्माण मंडळाने आणि नगरनियोजन खात्याने या वसाहतींचे मूळ मंजूर नकाशे, त्यांतील मोकळ्या जागा, विहिरी, गटारे आणि पायवाटांसह, संबंधित पंचायत कार्यालयांत लोकांना पाहण्यासाठी लावावेत. मूळ नकाशात मोकळी दाखवलेली जागा पुनर्विकासात जमिनीवरच मोकळी राहिली पाहिजे, वाहनतळाच्या छतावरची हिरवळ तिच्या हिशेबात धरू नये. जलस्रोत खात्याने सड्यावरील विहिरी आणि कडेच्या झरी यांची नोंद करून, जांभ्याचा थर कुठे किती खोल आहे हे पाहिल्याशिवाय तळघराला परवानगी मिळू नये अशी अट सुचवावी. आणि पेन्ह द फ्रान्स, सुकूर व साल्वादोर द मुंद या पंचायतींनी १९९४ च्या पंचायतराज कायद्याने मिळालेल्या ग्रामसभेत हा विषय आपापल्या सोयीने सुटा न घेता, एकाच आठवड्यात, एकच टिपण समोर ठेवून घ्यावा. वसाहत दोन पंचायतींत विभागलेली असली तरी तिचे गटार एकच आहे.

आमच्या सोसायटीची पुढची सभा पावसाळ्याआधी व्हायची आहे. प्रस्तावाच्या नकाशावर विहीर आहे त्या जागी दाखवून तो पुन्हा सादर करावा, असे पत्र आम्ही काही सभासदांनी व्यावसायिकाला दिले आहे. इतर सोसायट्यांतील रहिवाशांनीही आपल्याकडे आलेल्या नकाशांवर आवारातील विहीर, झाडे आणि पाण्याची वाट दाखवली आहे का, हे पाहावे आणि नसेल तर ती दाखवण्याची मागणी लेखी करावी. तोंडी मागणीची इतिवृत्तात नोंद होत नाही, हा अनुभव आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना रहिवासी,
आल्त पर्वरी, बार्देश